बांगड्या काढल्या का?

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो एक भलीमोठी पेटी घेऊनच. मला वाटलं, मिक्सर असणार. आमचा जुना मिक्सर दोन वर्षं झाली नुसता ओरडतो, वाटत काही नाही. पेटी उघडली तर आत ड्रिल मशीन, जिगसॉ म्हणजे विजेवर खाली-वर चालणारी बारीक पात्याची करवत, लाकूड घासायची सँडर मशीन आणि रांगेनं लावलेली पाती!

“सुतार चार निरोप धाडल्याशिवाय येत नाही म्हणून रडतेस ना? आता तूच सुतार,” मुलगा म्हणाला.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. “आणि स्वयंपाक?”

मैत्रिणींनो, मी कला शाखेची पदवीधर. खिळा ठोकायचा तरी आजवर ह्यांची वाट बघत आले. पेटी तशीच कपाटावर जायची, पण आमच्या घरात एक प्रश्न वर्षभर अडून बसला होता. आत्तींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेले आणि त्यांची पूजा सुटली. पूजा मी करते, त्या पलंगावरून बघतात. गंध जरा वाकडं लागलं की एक सुस्कारा ऐकू येतो! खुर्चीवर बसवलं तर खालच्या देवांपर्यंत हात पोचत नाही. मग मनात आलं, आत्ती खाली येऊ शकत नाहीत तर देवांनाच वर आणू. चोवीस इंच उंचीचा चौरंग करायचा. जुनी माडी उतरवली तेव्हाच्या सागवानी फळ्या परसात पडून होत्याच.

शेजारच्या गल्लीत एक सुतारमामा आहेत. वय झालंय, आता काम घेत नाहीत. आयुष्यभर रंधा, पटाशी आणि हातकरवत. त्यांना मशीन दाखवलं तर म्हणाले, “ताई, हातानं चूक करायला पाच मिनिटं लागतात. ह्यानं पाच सेकंदांत होते. एवढाच फरक.” तरी रोज संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसू लागले.

पहिल्याच दिवशी पातं तुटलं. फळीत जुना खिळा रुतलेला, वरून दिसत नव्हता. तेव्हापासून जुनं लाकूड असलं की आधी त्यावरून लोहचुंबक फिरवते. दुसरी गोष्ट, मी फळीची चांगली बाजू कौतुकानं वर ठेवून कापली आणि कड सगळी कुरतडल्यासारखी झाली. जिगसॉच्या नेहमीच्या पात्याचे दात वरच्या दिशेनं असतात. पातं वर येताना कापतं, म्हणून वरच्या बाजूच्या ढलप्या उडतात. चांगली बाजू खाली ठेवायची! आणि फळी टेबलाला शिकंजानं घट्ट आवळल्याशिवाय बटण दाबायचंच नाही. मी आधी पायानं दाबून धरायची. मामांनी असं काही बघितलं माझ्याकडे, की पाय आपोआप मागे आला.

आता खरी गोष्ट सांगते. चौथ्या की पाचव्या दिवशी मी ओणवी होऊन फळीला भोक पाडत होते. पदर कमरेला खोचलेला होता, तो कधी सुटला कळलंच नाही. ड्रिलच्या फिरत्या तोंडानं त्याचं टोक पकडलं आणि मला एका झटक्यात खाली ओढलं. नशीब, घाबरून बोट बटणावरून सुटलं. मशीन थांबलं तेव्हा पदर वीतभर गुंडाळला गेला होता आणि लोंबणारं मंगळसूत्र त्याच्यापासून चार बोटांवर होतं.

मी बराच वेळ तशीच बसले. मामांनी आधी पिन काढली, मग पाणी दिलं. म्हणाले, “उद्यापासून साडी नाही, ओढणी नाही. गळ्यातलं, हातातलं सगळं काढायचं. केस बांधायचे.” मी विचारलं, हातमोजे घालू का? तर नाही! फिरत्या मशीनपाशी हातमोजा हाताला वाचवत नाही, तोच आधी अडकतो आणि हात आत ओढतो. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क मात्र हवाच. सागाचा भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका.

मुलाचा जुना शर्ट आणि सलवार घालायला मला काही वाटलं नाही. अडलं बांगड्यांपाशी. “बांगड्या काढून सुतारकी? भरल्या घरात मोकळ्या हातानं फिरणार?” आत्ती म्हणाल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी त्यांना समजवायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की माझाच हात बांगडीपाशी जाऊन थबकतोय.

आणि मी कोण? मे 2022 मध्ये आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. पुढे त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यावर बचत गटांच्या बैठकांत मी किती बोललेय! टाळ्याही घेतल्यात. बांगडीवर बाईचं सौभाग्य नसतं, हे वाक्य मला पाठ आहे. घरात मात्र दोन दिवस मशीन बंद.

तिसऱ्या दिवशी आमच्या गटातली एक जण हिशोबाची वही द्यायला आली. 2021 साली करोनात तिचा नवरा गेला. परसातला पसारा बघून तिनं काम का थांबलंय विचारलं. मी आढेवेढे घेत सांगितलं. ती हसली. म्हणाली, “वहिनी, माझे हात तर मोकळेच आहेत. द्या इकडं, मीच धरते मशीन.”

ती चेष्टेनंच बोलली. पण मला तिच्या तोंडाकडे बघवेना. आत्ती दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि स्टीलचा एक छोटा डबा घेऊन आल्या. माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “ह्यात ठेव. काम झालं की आठवणीनं घाल.”

त्या दिवसापासून आम्ही दोघी शिकलो. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे आधीच कबूल करते. स्क्रूच्या आधी त्याहून बारीक बिटनं भोक पाडून घ्यायचं, नाहीतर जुना साग चिरतो, हे तिनं एका चिरलेल्या पट्टीवर ओळखलं. माझ्या तीन गेल्या. गुण्या लावून काटकोन तपासायचा, पातं बदलताना पिन काढून ठेवायची, हे दोघींच्या अंगवळणी पडलं.

चौरंग उभा राहिला आणि डुगडुगायला लागला. एक पाय दोन सूत आखूड. आपल्या इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंचाचा घोटाळा! मी शहाणपणानं बाकीचे पाय थोडे कापले, मग दुसराच आखूड झाला. असं करत करत चोवीसाचे बावीस इंच झाले. शेवटी मामा कट्ट्यावरून उठले. सपाट फरशीवर चौरंग ठेवला, आखूड पायाखाली पाचर सरकवून डुगडुग थांबवली. मग एका लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवली. त्या रेघेवर कापलं आणि चौरंग जागच्या जागी बसला. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं का?”

घासताना आधी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात. एक सांगून ठेवते, तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापते, पेटही घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

आता आत्ती खुर्चीत बसून स्वतः गंध लावतात. चौरंग दोन इंच कमी झाला तो त्यांच्या हाताला नेमका आला म्हणतात, ते माझं मन राखायला असेल. सुस्कारे बंद झालेत. आता मी केलेल्या भाजीवर येतात.

संक्रांतीला आत्तींनी तिला बोलावून घेतलं, शेजारणींच्या रांगेतच बसवलं, तिळगूळ दिला आणि हिरव्या काचेच्या दोन-दोन बांगड्या पुढे केल्या. तिनं तेव्हा घातल्या नाहीत. पिशवीत ठेवल्या. मीही काही बोलले नाही, भाषण तर नाहीच नाही.

सध्या गटाच्या मसाल्याच्या पुड्या ठेवायला मांडणी करतोय, पाच खणांची. मापं ती घेते, मी कापते. परवा ड्रिलची पिन लावली तशी आतून आत्तींची हाक आली, “बांगड्या काढल्या का गं दोघींनी?”

डबा मधोमध ठेवलेला होता. तिनं माझ्या आधीच झाकण उघडलं होतं.