निंदून फेकलेली हरळी दारात लावू या

वाशिम जिल्ह्यातला कोणताही तालुका घ्या. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, सगळीकडे निंदणाला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हरळीची ओळख करून द्यावी लागत नाही. सोयाबीनच्या आणि तुरीच्या तासांतून हे गवत खुरप्याने उकरून बांधावर फेकण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. हरळी मात्र संपली नाही. एक कांडे जमिनीत राहिले तरी त्याला पुन्हा कोंब फुटतो. या चिवटपणामुळेच ती शेतकऱ्याला वैरी वाटते. दारापुढे हिरवळ करायची असेल तर नेमका हाच चिवटपणा आपल्या कामी येतो.

घर बांधून झाले की पुढे दहा-बारा फूट जागा मोकळी राहते. पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. लेकरे तो पायांनी घरात आणतात आणि दिवसातून तीनदा झाडायचे काम घरच्या बाईच्या वाट्याला येते. विहाराच्या आवाराचीही हीच गत. मग कोणी शहरातल्या बंगल्यापुढची हिरवळ पाहून येतो आणि तशीच आणू म्हणतो.

शहरातल्या रोपवाटिकांत मातीसकट कापलेले हिरवळीचे तयार तुकडे मिळतात. ते अंथरले की एका दिवसात अंगण हिरवे दिसते. परंतु पैसे चौरस फुटावर मोजावे लागतात, गाडीभाडे वेगळे आणि वाटेत ऊन लागले तर माल दारात येईपर्यंत मान टाकतो. तरीही विहार समितीने वर्गणी करून घ्यायचेच ठरवले तर घेणाऱ्याने तुकडा उलटा करून पाहावा. मुळे पांढरी व दाट असावीत, माती ओलसर असावी आणि तुकडा उचलल्यावर फाटू नये. लव्हाळ्याची एक काडी दिसली तरी तो माल परत करावा. लव्हाळ्याच्या गाठी एकदा अंगणात शिरल्या की वर्षानुवर्षे निघत नाहीत. आणलेले तुकडे त्याच दिवशी लावावेत. विटांच्या थरासारखे सांधे चुकवून, एकमेकांना घट्ट भिडवून बसवावेत व वरून दाबून भरपूर पाणी द्यावे. पंधरा दिवसांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. उचलला गेला नाही म्हणजे मुळांनी जमीन धरली.

मजुरीवर चालणाऱ्या घराने मात्र या भानगडीत पडू नये. आपली हरळी बांधावर फुकट पडली आहे. मालकाला विचारून आणा. तो नाही म्हणणार नाही, उलट सगळीच न्या म्हणेल! एवढेच पाहा की त्या बांधावर तणनाशक फवारलेले नसावे. दूर्वा म्हणून देवाला वाहतात ती हीच. १९५६ साली बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्यानंतर आपल्याला तिच्या देवपणाशी काही देणेघेणे उरले नाही. तिचे गुण तेवढे घ्यावेत.

जमिनीची तयारी उन्हाळ्यातच करावी. मे महिन्यात अंगण वीतभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. लव्हाळा, कुंदा, दगडगोटे वेचून काढावेत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून वरच्या थरात जाड रेती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत टाकाल तर त्यातून तणाचे बी फुकटात येईल. उतार घराच्या भिंतीकडून बाहेर, दहा फुटांना दोन इंच तरी हवा. पहिला पाऊस पडला की तण उगवेल. ते उपटून मगच लागवड करावी.

लावण्याची एक रीत अशी आहे की आपल्या बायांना ती शिकवावी लागणार नाही. हरळीची मुळे व कांडी बोट-दोन बोट लांबीची तोडावीत. असे दोन टोपले तुकडे, एक टोपले बारीक माती, एक टोपले ताजे शेण आणि फावडेभर चुलीची राख पाण्यात कालवून घट्ट काला करावा व ओल्या जमिनीवर इंचभर जाड सारवावा. वर मातीचा पातळ थर द्यावा आणि ओल टिकवावी. ज्या हातांनी भुई सारवली, त्याच हातांनी हिरवळ सारवायची! शेण मिळत नसेल तर मुळे असलेल्या काड्या चार-चार बोटांवर खोचल्या तरी चालते, थोडा वेळ जास्त लागतो इतकेच. दोन्ही रीतींत पाऊस ओढला तर रोज हलके पाणी शिंपडावे.

लावलेल्या हिरवळीवर सुरुवातीला पाय पडता कामा नये. वर्षावासाचा नियम कसा आला हे विनयपिटकात सांगितले आहे. भर पावसाळ्यात भिक्खू चारिका करतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते, तेच हरळीने जमीन धरण्याचे दिवस. तेव्हा आषाढ पौर्णिमेच्या आत लागवड उरकावी, ये-जा करायला फरशीची एक पायवाट सोडावी आणि बाकी जागेत दोरी बांधावी.

भिक्खूंच्या सेखिय नियमांत आणखी एक नियम आहे. आजारी नसताना हिरवळीवर मलमूत्र करू नये, थुंकू नये. नियम भिक्खूंसाठी आहे, पण विहाराच्या दारात उभे राहून खर्ऱ्याची पिचकारी मारणाऱ्या उपासकांनीही तो मनावर घ्यायला हरकत नाही.

हरळीला उघडे ऊन लागते. कडुनिंबाच्या किंवा बोधिवृक्षाच्या दाट सावलीत ती विरळ होते. तिथे हट्ट धरू नये, झाडाखाली सतरंजी अंथरण्यापुरती जागा मोकळीच बरी. गवत चार बोटे वाढले की कात्रीने किंवा धारदार विळ्याने वरचा तिसरा हिस्सा कापावा. एकदम मुळाशी कापले तर ते पिवळे पडते. कापलेले गवत शेळीला घालावे. उंच वाढू दिले तर विंचू-सापाला आडोसा होतो. अंगणाला लागून कोणाचे वावर असेल तर मध्ये वीतभर खोल विटा उभ्या पुराव्यात, नाहीतर हिरवळ आपली आणि निंदण शेजाऱ्याचे!

प्रश्न उरतो तो पाण्याचा. वाशिम शहराची तहान एकबुर्जी धरणावर भागते. खेड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हापशीवर हंड्यांची रांग लागते. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करणाऱ्यांचे आपण वारस. शेजारीण हंडा घेऊन वणवण फिरत असताना अंगणात नळी सोडून बसणे आपल्याला शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्हाणीचे पाणी वळवता येते. मात्र धुण्याच्या सोड्याचे पाणी टाळावे, त्याने माती बिघडते. तेही पुरले नाही तर हरळीला सुकू द्यावे. वरून ती वाळून तपकिरी दिसते, पण जमिनीखालची कांडी जिवंत असतात. मेली समजून मे महिन्यात ती खणून काढू नका; मृगाच्या सरी पडल्या की आठवडाभरात हिरवे कोंब दिसू लागतील.