युनिकॉर्नचे शिंग

कपाळावर एकच लांब, पिळदार शिंग असलेला पांढराशुभ्र घोडा म्हणजे युनिकॉर्न. युरोपच्या दंतकथांत त्याला मानाचे स्थान आहे. स्कॉटलंडचा तर तो राष्ट्रीय प्राणी. पण ग्रीकांच्या कानावर हा प्राणी प्रथम आला तो हिंदुस्थानातला म्हणून. इराणच्या दरबारात राजवैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने इ.स.पू. 400 च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. घोड्याहूनही मोठ्या रानगाढवांचे वर्णन त्यात येते. अंग पांढरे, डोके गडद तांबडे, डोळे निळे आणि कपाळावर हातभर लांबीचे शिंग : बुडाशी पांढरे, मध्ये काळे, टोकाला लालभडक. या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही की फेफरे येत नाही, असेही तो सांगतो. क्टेसियस स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता. व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले एकशिंगी गेंडा आणि रानगाढव त्याच्या लेखणीत एक झाले असावेत.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक वेळा कोरलेला प्राणीही एकशिंगीच आहे. बाजूने काढलेल्या बैलाचे एक शिंग दुसऱ्याआड लपले आहे, असे काही अभ्यासक मानत आले. मात्र एकच शिंग असलेल्या मातीच्या मूर्तीही सापडल्या आहेत, त्यामुळे हा खुलासा अपुरा वाटतो. या मुद्रा आणि क्टेसियसचा ग्रंथ यांत दीड हजार वर्षांचे अंतर आहे. त्यांना जोडणारा पुरावा नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रा बेटावर गेंडे पाहिले. त्यांना तो युनिकॉर्नच समजला, पण चिखलात लोळणारा हा प्राणी युरोपातल्या कल्पनेशी अजिबात जुळत नाही, असे त्याने स्पष्ट नोंदवले. तरीही कल्पना डळमळली नाही, कारण युरोपच्या राजवाड्यांत आणि चर्चच्या भांडारांत खरीखुरी ‘शिंगे’ होती. सरळ, पिळदार, पुरुषभर उंचीची. ती येत होती ग्रीनलंडच्या बाजूने, उत्तर ध्रुवीय समुद्रातून. ज्यांच्या हाती शिंग पडे त्यांनी प्राणी पाहिलेला नसे, आणि या दंतकथेचे सारे बळ त्यातच होते. कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यातले डॅनिश राजांचे सिंहासन याच ‘शिंगां’नी सजवलेले आहे. 1671 मध्ये पाचव्या ख्रिश्चनच्या राज्याभिषेकासाठी ते प्रथम वापरले गेले.

फ्रान्सच्या दरबारात विषाची परीक्षा म्हणून राजाच्या पेल्यात या शिंगाचा तुकडा बुडवत. राजांचा शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याने 1582 मध्ये या उपचाराविरुद्ध उघडपणे लिहिले. राजाश्रयावर जगणाऱ्या माणसासाठी हे मोठे धाडस होते. 1638 मध्ये डॅनिश वैद्य ओले वर्म याने कवटीला चिकटलेलेच ‘शिंग’ तपासले आणि ते नार्व्हाल या देवमाशाच्या कुळातल्या प्राण्याचे असल्याचे दाखवून दिले.

ते शिंग नव्हेच, तो दात आहे. नराच्या वरच्या जबड्यातला डावा सुळा ओठ भेदून पुढे वाढतो, डावीकडे पीळ घेत कधी कधी तीन मीटरपर्यंत पोहोचतो. आपल्या दातावर कठीण एनॅमलचे कवच असते. या सुळ्यावर ते नसते. बाहेरच्या थरातल्या सूक्ष्म नलिकांतून समुद्राचे पाणी आत शिरते आणि मज्जातंतूंपर्यंत त्याची जाणीव जाते. सुळ्याभोवतीच्या पाण्याचा खारटपणा बदलला की नार्व्हालच्या हृदयाची गती बदलते, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. कॅनडाच्या नुनावुतमध्ये ड्रोनने टिपलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दृश्यांत नार्व्हाल सुळ्याच्या फटक्याने मासे बधिर करून खाताना दिसले.

गेंड्याचे शिंगही गाई-म्हशींच्या शिंगासारखे नसते. त्यात हाडाचा गाभा नसतो. आपली नखे ज्या केराटिनची, त्याचेच ते घट्ट घडलेले असते. औषध म्हणून त्याला काडीची किंमत नाही. तरीही क्टेसियसने नोंदवलेली समजूत वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली आणि तिच्यापायी गेंडे मारले गेले. आसाम सरकारने 22 सप्टेंबर 2021 रोजी साठवणीतली 2,479 शिंगे जाहीरपणे जाळली, ती हा बाजार निरर्थक ठरवण्यासाठीच.

हाडाचा गाभा असलेले खरे शिंग कपाळाच्या मध्यावर एकटे उगवू शकते का, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठातील फ्रँकलिन डव्ह यांनी 1933 मध्ये एक दिवसाच्या आयरशायर वासराचे दोन्ही शिंगांकुर सोडवून कपाळाच्या मधोमध शेजारी शेजारी बसवले. ते एकजीव झाले आणि वासराला एकच भक्कम शिंग आले. शिंगाचा हाडाचा गाभा कवटीतून फुटत नाही. तो अंकुराच्या ऊतीतून तयार होतो आणि नंतर कवटीशी सांधला जातो, हे त्यातून दिसले. पुढे हा बैल कुंपणाखाली शिंग घालून ते उचलू लागला.