बुडबुडे बाटलीतच तयार होतात

इंग्लंडची स्पार्कलिंग वाइन म्हणजे साध्या वाइनमध्ये सोड्यासारखा वायू भरून केलेले पेय, असा समज अनेकदा आढळतो. ससेक्स, केंट, हॅम्पशायर इथल्या नामवंत वाइनरी मात्र शॅम्पेनचीच पारंपरिक पद्धत वापरतात. आधी द्राक्षरसाच्या किण्वनातून (यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होणे) साधी वाइन बनते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण घट्ट लावतात. किण्वन पुन्हा सुरू होते.

इडलीचे पीठ आंबतानाही असाच वायू तयार होतो आणि त्यामुळेच ते फुगते. तो वायू शेवटी हवेत निघून जातो. बाटलीत त्याला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. त्यानंतर वाइन कित्येक महिने, बऱ्याचदा काही वर्षे, यीस्टच्या गाळावर मुरते. शेवटी गाळ काढून बूच बसवतात.

थंड हवामान इथे अडचण नसून आधार आहे. द्राक्षे सावकाश पिकतात, त्यांचा आंबटपणा टिकतो आणि स्पार्कलिंग वाइनला तोच हवा असतो. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच मळ्यांत फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशासारखी खडूची, निचऱ्याची जमीन आहे. ससेक्समधील नायटिंबर वाइनरीने 1988 मध्ये शार्डने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए या शॅम्पेनच्याच द्राक्षजाती लावल्या. 2015 मध्ये तर शॅम्पेनच्या टेटँजे कंपनीने केंटमध्ये मळ्यासाठी जमीन घेतली.