जेवण कसं होतं, सांगाल का?

रोज दोन्ही वेळा आपल्या स्वयंपाकावर मतं ऐकून घ्यायची आपल्याला सवयच असते. आमटी पाणचट झाली, पोळी जाड झाली, कालच्यापेक्षा आजची भाजी बरी आहे; घरातल्या कुणीही यावं आणि मत द्यावं! पण आपणच गिऱ्हाईक म्हणून हॉटेलात बसलो, रोख पैसे मोजले, आणि गल्ल्यावरच्यानं विचारलं, “काय ताई, कसं होतं जेवण?” तर आपल्यापैकी कितीजणी खरं सांगतात? “छान होतं हो,” म्हणायचं, बडीशेप तोंडात टाकायची आणि रिक्षात बसल्यावर नवऱ्याला सांगायचं, “तेल पाहिलंत का, कसलं काळं होतं!” मग तेच मत पुढचे आठ दिवस भिशीत, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकापाशी फिरत राहतं. ज्याला कळायला हवं त्या हॉटेलवाल्याच्या कानावर मात्र जात नाही.

मैत्रिणींनो, गिऱ्हाइकाचं मत ही दिसते तेवढी किरकोळ गोष्ट नाही. त्यानं दुकानं बदलतात, चालतात आणि बुडतातही. म्हणूनच ते कसं द्यावं, कुणाला द्यावं आणि केव्हा गिळून टाकावं, याचा थोडा विचार करायला हवा.

एकच भरीत, चार मतं

आपल्या जळगावचंच उदाहरण घेऊ या. पिंप्राळा हे एके काळी वेगळं गाव होतं. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. आषाढी एकादशीच्या रथासाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध. दिवाळी सरून थंडी पडू लागली, की इथे काय किंवा सगळ्या जळगावात काय, भरीत-पुरीचे दिवस येतात. हिरवी-पांढरी, मोठाली, कमी बियांची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सुकं खोबरं घालून फोडणी द्यायची. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला आणि इथल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तेव्हा हा नुसता चवीचा नाही, मानाचाही मामला झाला!

पण हेच भरीत चौघींच्या पुढ्यात ठेवा. पुण्याहून आलेली जाऊबाई म्हणेल, “बाई गं, किती हे तिखट!” भुसावळची मावशी म्हणेल, “मिरची अंमळ कमीच पडली.” तिसरीला तेलाचा तवंग दिसेल आणि चौथी म्हणेल, “यात काळे कण आहेत, वांगी नीट निवडली नाहीत वाटतं.” आता खरं कुणाचं? पहिल्या तिघींचं आपापल्या जिभेपुरतं खरंच आहे. चौथीचं मात्र चुकलं. काड्यांच्या जाळावर वांगं भाजलं, की सोलताना सालीचे जळके कण थोडेफार राहायचेच. त्या धुराच्या वासासाठीच तर खवय्ये लांबून येतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही.

हीच गत शेवभाजीची. वर लाल तर्री आली नाही, तर खानदेशी माणूस म्हणेल, “ही कसली शेवभाजी?” आणि नागपूर-मुंबईकडून बदली होऊन आलेली गृहिणी म्हणेल, “एवढं तेल!” दोघी एकाच ताटाबद्दल बोलत असतात, पण मनातली ताटं दोन असतात.

फिलिपिन्समधली एक गोष्ट

मग प्रश्न पडतो, इतक्या परस्परविरुद्ध मतांतून दुकानदारानं घ्यायचं तरी काय? याचं झकास उत्तर मिळतं ते पार फिलिपिन्स देशात.

तिथे १९७५ साली टोनी तान काक्तियोंग नावाच्या तरुणानं मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत घरच्यांच्या मदतीनं आइस्क्रीमचं दुकान काढलं. लोक आइस्क्रीम खायला येत, पण विचारत, “गरम काही मिळेल का?” म्हणून सँडविच वगैरे ठेवायला सुरुवात झाली. पाहतात तो आइस्क्रीमपेक्षा त्या गरम खाण्यालाच मागणी जास्त! गिऱ्हाइकाचं ऐकून १९७८ साली त्यांनी धंद्याचा रोखच बदलला आणि ‘जॉलिबी’ नावाची झटपट खाण्याची हॉटेलं सुरू झाली.

१९८१ साली अमेरिकेची बलाढ्य मॅकडोनाल्ड्स कंपनी मनिलात उतरली. छोट्या जॉलिबीचा आता निकाल लागणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण जॉलिबीवाल्यांना आपल्या माणसांची जीभ ठाऊक होती. फिलिपिनी माणसाला गोडसर चव आवडते, तेव्हा त्यांची स्पॅघेटी, म्हणजे शेवयांसारखा इटालियन पदार्थ, गोड सॉसची. त्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून तळलेल्या कोंबडीबरोबर भात. परदेशी माणूस ती स्पॅघेटी खाऊन म्हणतो, “अहो, हे तर पक्वान्न झालं!” आणि नोकरीसाठी परदेशी गेलेली फिलिपिनी बाई तीच खाऊन म्हणते, “आता कसं घरी आल्यासारखं वाटलं.” जॉलिबीनं दुसरीचं ऐकलं आणि आपल्या देशात तो पहिल्या नंबरावर राहिला. पुढे त्याची हॉटेलं अमेरिकेत, दुबईत, २०१८ साली मिलान आणि लंडनमध्येही निघाली.

जळगावच्या भगिनींना यातली एक गोष्ट विशेष भावेल. फिलिपिन्समध्ये घरोघरी स्पॅघेटीच्या त्या गोड सॉसला केचप वापरतात तो टोमॅटोचा नव्हे, केळ्यांचा! मारिया ओरोसा नावाच्या तिथल्या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी ही युक्ती रूढ केली. टोमॅटोची चणचण आणि केळ्यांची रेलचेल, तेव्हा वापरा केळी, असा त्यांचा अस्सल गृहिणीचा हिशोब. १९४५ साली युद्धात त्यांचा अंत झाला, पण त्यांचा केचप आजही त्या देशात घरोघरी आहे. इतकी केळी पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं यातून काही घ्यायला हरकत नाही, नाही का?

आपल्याकडेही हेच घडलं. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आली ती गोमांस बाजूला ठेवूनच, आणि खपली ती बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर करून. इतकी मोठी कंपनी, पण आपल्या बटाट्यापुढे तिला नमतं घ्यावं लागलं. तेव्हा गिऱ्हाइकाचं मत कुणी विचारत नाही, असं म्हणू नका. जाणता दुकानदार ते विचारतो, आणि न विचारता पानात उरलेल्या घासांवरूनही ओळखतो.

आवड निराळी, चूक निराळी

मत देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मला आवडलं नाही, की खरंच चुकलं आहे? तिखट-आंबट-गोड, पातळ-घट्ट, तर्री असावी की नसावी, हा आवडीचा भाग झाला. तो ऑर्डर देताना सांगायचा असतो. “मुलांसाठी एक भरीत कमी तिखट कराल का?” एवढं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी आनंदानं करून देतात.

चूक मात्र वेगळी असते, आणि ती ओळखण्यात रोज चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईइतकं तरबेज दुसरं कोण आहे? भरितातलं सुकं खोबरं किंवा दाणे खवट लागले, शेवेला जुनाट वास आला, आमटी आंबली, पाण्याच्या जगाला बुळबुळीतपणा असला, तर ती आवड नव्हे, चूक. तळणीचं तेल काळपट झालं असेल, तापताना फेस येत असेल, धूर घशात खवखवत असेल, तर ते वारंवार वापरलेलं समजावं. वापरलेलं तेल केव्हा टाकून द्यायचं, याची मर्यादाही १ जुलै २०१८ पासून कायद्यानं ठरली आहे. गरम भजी किंवा साबुदाणवडे वर्तमानपत्राच्या कागदात देणं हेही नियमाविरुद्ध आहे, कारण छपाईची शाई अन्नाला लागते. रथाच्या दिवशी गर्दीत उपासाचे वडे घेताना ही एवढी एक गोष्ट जरूर पाहावी. घरून डबा नेलात, तर फारच उत्तम.

कुणाला आणि कसं सांगावं?

चूक दिसली, तर तिथल्या तिथे आणि ज्याच्या हाती सुधारणं आहे त्याला सांगावं. ताटं उचलणाऱ्या पोरावर ओरडून काय होणार? तो बिचारा पगारी नोकर. मालकाला किंवा मालकीणबाईंना बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणावं, “खोबरं जरा खवट लागतंय हो, बघता का?” अर्धं ताट संपवून तक्रार करू नये, पहिल्या दोन घासांतच सांगावं. काय आणि कुठे चुकलं, ते नेमकं सांगावं. “जेवण अगदीच वाईट” या वाक्यातून कुणाला काही शिकता येत नाही. “पुरी तेलकट झाली, तेल नीट तापलं नव्हतं,” असं म्हटलं, की सांगणारीला कळतं असं दिसतं, आणि ऐकणाराही मान डोलावतो. चांगलं असेल तर तेही आवर्जून सांगावं. आतल्या बाजूला धुरात उभ्या असलेल्या बाईपर्यंत ती शाबासकी पोचू द्यावी.

हे एवढ्यासाठी सांगायचं, की आपल्या गावातली कितीतरी भरीताची दुकानं, खानावळी, डबे, पापड-कुरडयांचे धंदे बायका चालवतात. कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या मुलीची फी भरायची असते. अशा बाईच्या खानावळीबद्दल भिशीत सहज टाकलेलं एक वाक्य, “तिच्याकडे काही चव राहिली नाही बाई,” तिचे दहा डबे बंद करू शकतं. मोबाइलवर तारे देतानाही हेच ध्यानात ठेवावं. रिक्षा उशिरा आली, मुलगा रडत होता, नवऱ्याशी बिनसलं होतं, त्याचा राग जेवणाच्या ताऱ्यांवर काढू नये. आपण एक तारा देऊन विसरून जातो, पण ती बाई तो रोज पाहत असते. तसेच ओळखीच्या हॉटेलाला न जेवताच पाच तारे देऊ नयेत. त्यावर विसंबून दुसरी एखादी आई लेकरांना घेऊन तिथे जाते.

मात्र, भिडेखातर गप्प बसणंही तितकंच वाईट. शिळं अन्न पोटात गेलं, तर सोसायचं लेकरांना आणि म्हाताऱ्या सासूबाईंना. सांगूनही कुणी ऐकलं नाही, उलट उद्धटपणा केला, तर पुढची पायरी आहे. २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. म्हणून बिल मागावं आणि जपून ठेवावं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. बिलात आपोआप ‘सेवा शुल्क’ जोडलं असेल, तर ते द्यायला आपण बांधील नाही. तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ मध्ये निघाली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पोरांना खुशीनं टिप देणं वेगळं, आणि जबरदस्तीनं वसूल करणं वेगळं.

“आपण बायका काय बोलणार?” असं कुणी म्हणेल. अहो, महाराष्ट्राच्या बायका याबाबतीत कधीच मुक्या नव्हत्या! १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तीही साध्या कुटुंबांनी एकत्र येऊन चोख माल रास्त भावात घेण्यासाठी. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानं त्याची जागा २० जुलै २०२० पासून घेतली. एवढं सगळं झाल्यावर, खवट खोबऱ्याबद्दल चार शब्द बोलायला आपण का लाजावं?

तेव्हा पुढच्या थंडीत भरीत खायला जाल, तेव्हा जीभ नुसती चाखायला नेऊ नका, बोलायलाही न्या. आवड असेल ती आधी सांगा, चूक दिसली तर जागीच सांगा, आणि मन तृप्त झालं तर मोकळ्या आवाजात सांगा. हॉटेल चांगलं चालावं, असं मालकाला वाटतंच. पण ते आपल्या गावाचं, आपल्या चवीचं राहावं, हे आपल्या बोलण्यावर अवलंबून आहे.