पत्र पारखून घ्यावे

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. आज ही चप्पल ऑनलाइन बाजारातही विकली जाते आणि कारागिराच्या घरी मोबाइलवरील व्यवहार पुष्कळदा शिकलेल्या मुलामुलींकडेच असतो. म्हणून विक्रेत्यांना येणाऱ्या फसव्या ईमेलची पारख हा आम्ही शिक्षणाचाच भाग मानतो.

अशा पत्रांचे साचे ठरलेले असतात. ‘आपला माल विकला गेला आहे, रक्कम मिळण्यासाठी खालील लिंकवर खात्याचा तपशील व ओटीपी भरा’, हा एक. ‘चोवीस तासांत पडताळणी न केल्यास आपले दुकान बंद होईल’, हा दुसरा. पहिल्यात लोभ, दुसऱ्यात भीती. हेतू मात्र एकच: वाचणाऱ्याला विचार करण्यास उसंत मिळू नये.

इतिहासाच्या अभ्यासकास जुने पत्र पारखावे लागते. शिवकालीन पत्रांवर आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तबाने मजकूर संपल्याची खूण होई. पुढे कोणास काही घुसडता येत नसे. ईमेलचा शिक्का म्हणजे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. वर दिसणारे नाव कोणासही हवे ते घालता येते; त्यावर बोट ठेवून आतील पत्ता पाहावा. लिंकमधील संकेतस्थळाचे नाव शेवटाकडून वाचावे. ‘बाजार डॉट पडताळणी डॉट कॉम’ असे नाव असल्यास ते स्थळ ‘बाजार’चे नसून ‘पडताळणी’चे असते. शेजारचे कुलपाचे चिन्ह केवळ माहिती वाटेत सुरक्षित असल्याचे सांगते, मालकाच्या प्रामाणिकपणाची हमी देत नाही. शंका येताच लिंक सोडून द्यावी, स्वतः ॲप उघडावे आणि ती ऑर्डर तेथे आहे का, हे पाहावे.

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये काढलेल्या पुस्तिकेत याच जातीची आणखी एक युक्ती नोंदवली आहे. भामटा ग्राहक बनून येई, दूरवर तैनात असलेला जवान असल्याचे सांगे आणि पैसे पाठवण्याऐवजी यूपीआयवर पैशांची मागणी पाठवी. विक्रेता पिन टाकी आणि त्याच्याच खात्यातून रक्कम जाई. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पाठ असावे.

तरीही फसगत झालीच, तर तत्काळ 1930 या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता असते. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. गुन्हेगार तो आहे, फसलेला माणूस नव्हे. म्हणून घरात कोणी कोणास बोल लावू नये. बोलणी बसतील या धास्तीने मूल गप्प राहते, आणि तेवढा वेळ चोरास पुरतो.