बिनतारी इंटरनेट : वेगाचा हिशेब आणि घराची गरज

तार श्रेष्ठ की बिनतारी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२७ मध्ये पुण्यानजीक खडकी येथे संदेश पाठविणारे आणि दौंड येथे संदेश झेलणारे अशी दोन बिनतारी केंद्रे उभी राहिली आणि हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील संदेश आकाशमार्गे जाऊ-येऊ लागले. तोवर हा व्यवहार मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांच्या हाती होता. बिनतारीचे दर कमी, उभारणीचा खर्चही कमी. साहजिकच तारा टाकणाऱ्या कंपन्यांचे धाबे दणाणले. परंतु तारा गुंडाळून ठेवण्याची पाळी मात्र आली नाही. १९२९ मध्ये साम्राज्यातील या दोन्ही व्यवसायांचे एकत्रीकरण झाले, पुढे हिंदुस्थानातही तेच घडले. स्वातंत्र्याच्या वर्षी ही सेवा सरकारच्या ताब्यात आली आणि १९८६ मध्ये तिच्यातून विदेश संचार निगम जन्मास आले. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकासाठी इंटरनेटचे दार उघडले.

आज तोच जुना प्रश्न मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा आरंभ झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, एअरटेलने दिल्ली व मुंबई येथे घरगुती बिनतारी इंटरनेट देऊ केले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीस, जिओची तशीच सेवा मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली. भिंतीला भोक नको, जिन्यातून वायर ओढणे नको, केबलवाल्याची वाट पाहणे नको. गच्चीवर वा खिडकीशी एक लहानसे यंत्र बसवावे, ते मनोऱ्याकडून लहरी झेलील आणि घरात इंटरनेट खेळू लागेल, असे हे आश्वासन आहे. चांगल्या चाललेल्या जोडणीवर पाणी सोडून हे आश्वासन स्वीकारावे काय, याचा निर्णय आता घरोघरी करावा लागत आहे.

या निर्णयात सर्वांत फसवा शब्द कोणता असेल, तर तो ‘पर्यंत’ हा होय. जाहिरातीत शंभर एमबीपीएस‘पर्यंत’ वेग असतो. हा आकडा म्हणजे छत आहे, जमीन नव्हे. जमीन कोठे आहे, हे पाहू गेल्यास मोठी तफावत आढळते. २०२३ च्या आरंभी सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली, तेव्हा किमान वेग ठरला तो अवघा दोन एमबीपीएस. तत्पूर्वी, २०१३ पासून, तो अर्धा एमबीपीएस होता. किमान दोन आणि कमाल शंभर यांच्यामध्ये प्रत्यक्षात काय मिळणार, हे जाहिरात सांगत नाही. ते ठरते मनोऱ्याचे अंतर, मधल्या इमारती आणि शेजाऱ्यांची संख्या यांवर.

शेजाऱ्यांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मनोऱ्याच्या एका दिशेस जी क्षमता असते, ती त्या दिशेच्या सर्व ग्राहकांनी वाटून घ्यावयाची असते. त्यांत घरगुती यंत्रे आली आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे मोबाइलही आले. प्रकाशतंतूच्या जोडणीतही वाटणी असतेच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सर्वत्र रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरील सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता बहुधा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागली जाते. भेद इतकाच की, तेथे वाटेकरी किती हे ठरलेले असते आणि त्यांच्या वाट्यात भिंत, झाड वा नवी इमारत आडवी येत नाही. हवेतील वाटेकरी मात्र दर तासाला बदलतात. दुपारी दोन वाजता सुसाट धावणारी सेवा रात्री नऊ वाजता रेंगाळते, याचे कारण बिघाडात असतेच असे नाही. ते बहुधा या वाटणीत असते.

दुसरी गोष्ट जाहिरातीत बहुधा झाकलेलीच राहते. इंटरनेटवरून माहिती घरात येते तशी घरातून बाहेरही जाते. घरगुती फाइव्ह-जीचा मुख्य भार ज्या लहरींवर आहे, तेथे येणे आणि जाणे एकाच वाटेने, आळीपाळीने होते आणि वेळेचा मोठा वाटा येणाऱ्या माहितीसाठी राखलेला असतो. चित्रपट पाहणाऱ्यास याची झळ लागत नाही. परंतु घरून वर्ग घेणाऱ्या शिक्षकाचे चित्र व आवाज बाहेर जावयाचे असतात. त्यांचा ओघ तुटला की समोरच्या चाळीस विद्यार्थ्यांचा धडा तुटतो. अशा घराने येणाऱ्या वेगाआधी जाणारा वेग विचारला पाहिजे. आणि प्रकाशतंतू दारापर्यंत आलेला असेल, तर तो सोडण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे.

पावसाविषयीही एक गैरसमज आहे. पावसात लहरी विझतात, असे सर्रास बोलले जाते. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या ज्या लहरी सध्या बहुतेक ठिकाणी वापरात आहेत, त्यांना मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या अंतरात पाऊस फारसा अडवीत नाही. सव्वीस गिगाहर्ट्झच्या आखूड लहरींना मात्र तो जाणवण्याइतका अडवतो. आणि ओली, दाट पालवी दोहोंनाही बाधते. कोकणातल्या पावसाळ्यात घात होतो तो बहुधा विजेमुळे. वीज गेली की मनोरा बॅटरीवर वा डिझेलवर काढील तेवढेच दिवस काढतो. जुन्या टेलिफोनला केंद्रातूनच तारेवाटे वीज मिळत असे. म्हणून भारनियमनातही त्याची घंटा वाजत असे. ते भाग्य आजच्या कोणत्याच साधनाला नाही. तंतूची जोडणी असो वा बिनतारी, घरातील यंत्राला बॅटरीचा लहान आधार नसेल, तर अंधारात दोन्ही सारखीच मुकी होतात.

आता पैशाचा हिशेब. जिओची सेवा सुरू झाली तेव्हा तीस एमबीपीएसचे मासिक भाडे ५९९ रुपये आणि शंभर एमबीपीएसचे ८९९ रुपये होते. यावर १८ टक्के कर धरला म्हणजे हे आकडे अनुक्रमे सुमारे ७०७ आणि १,०६१ होतात. एअरटेलचा आरंभीचा दर ७९९ रुपये होता. परंतु सहा महिन्यांचे भाडे, कर आणि अडीच हजारांची अनामत मिळून पहिल्याच दिवशी ७,७३३ रुपये मोजावे लागत. दर बदलत राहतात. ध्यानात ठेवावयाचे ते तत्त्व. कारकुनाच्या पगारातून सात-आठ हजार रुपये एकरकमी गेले, की सेवा न आवडली तरी सहा महिने निमूट सोसावी लागते. बदलण्याचे स्वातंत्र्य हेच ज्या सेवेचे आकर्षण, तिथे आगाऊ भाडे भरताच ते स्वातंत्र्य संपते. म्हणून मासिक भाड्याआधी अनामत परत कशी मिळेल, सेवा मध्येच सोडल्यास काय कापले जाईल आणि यंत्र कोणाच्या मालकीचे राहील, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

याचा अर्थ बिनतारी सेवा टाकाऊ आहे, असा मुळीच नव्हे. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यास घरमालक भिंतीला हात लावू देत नाही आणि दहा महिन्यांनी खोली बदलावी लागते. त्याला खिडकीशी ठेवण्याचे यंत्र हाच सोयीचा मार्ग आहे. जुन्या चाळीत, डोंगरकुशीतल्या वाडीत, जिथे तंतू पाच-पाच वर्षे येण्याची चिन्हे नाहीत, तिथे तर ही सेवा वरदानच ठरते. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी तालुक्याच्या गावी धावावे लागणे आणि घरी बसून तो भरता येणे, यांतील अंतर केवळ सोयीचे नाही. कित्येकदा ते एका वर्षाचे असते.

तेव्हा कसोटी सोपी आहे. जिथे तंतू नाही, तिथे बिनतारी सेवा घ्यावी आणि निःशंक मनाने घ्यावी. जिथे तंतू आहे व नीट चालतो, तिथे केवळ नावीन्यापायी तो तोडू नये. आणि जिथे तंतू आहे पण चालकाच्या हलगर्जीपणाने महिन्यातून चारदा बंद पडतो, तिथे नवी सेवा अल्प मुदतीसाठी घेऊन, जुनी न तोडता, सलग आठवडाभर रात्री आठ ते दहा या वेळात येणारा व जाणारा वेग मोजून वहीत टिपावा. शेजारच्या इमारतीतील अनुभवावर विसंबू नये. एकाच इमारतीच्या पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील खोल्यांतही उत्तर वेगळे निघते.

हा प्रश्न घरापुरता असा सुटेल. नगरापुरता मात्र तो अधिक गंभीर आहे. बिनतारी सेवा नावाने बिनतारी असली, तरी तिचे बिनतारीपण मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यापुरतेच आहे. भरपूर वेग द्यावयाचा तर मनोऱ्यापर्यंत तंतूच न्यावा लागतो, आणि परदेशातील माहिती आजही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या तारांवाटेच येते. हवा पोहोचविण्याचे काम उत्तम करते. भार वाहण्याचे काम तारेचेच. खडकी-दौंडच्या काळात जे ठरले ते आजही खोटे झालेले नाही. अशा वेळी ‘आता हवेतून मिळतेच आहे’ असे म्हणत कंपन्यांनी गल्लीबोळांत तंतू नेण्याचे लांबणीवर टाकले आणि नगरपालिकांनी त्याकडे काणाडोळा केला, तर फायद्याच्या वस्त्यांना तंतू आणि उरलेल्यांना मनोऱ्याचा वाटून घेतलेला वेग अशी नवी विभागणी रूढ होईल. ज्या वस्तीत एका खोलीत तिघे विद्यार्थी शिकतात, तिलाच मग रात्री नऊचा रेंगाळता वेग सोसावा लागेल. बिनतारी सेवेचे स्वागत करताना, आपल्या रस्त्याखालून तंतू कधी येणार, हा प्रश्न नागरिकांनी विचारीत राहिले पाहिजे.