ताट, गोळी आणि ताईचे दोन रिपोर्ट

ताईच्या पिशवीत दोन रिपोर्ट होते. एक ऑगस्टचा, एक ऑक्टोबरचा. पहिल्यात टीएसएच ०.१, दुसऱ्यात ४१. मधल्या नऊ आठवड्यांत माझी थोरली बहीण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली होती. ते तिनं स्वतःच, चांगल्या हेतूनं आणि कुणालाही न विचारता केलं होतं.

ताई ६४ वर्षांची. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, वीस वर्षं थायरॉइडची १०० मायक्रोग्रामची गोळी घेणारी. चैत्रात तिनं कीटो सुरू केलं. भाकरी, भात, वरण, फळं बंद; अंडी, पनीर, तूप, खोबरं, पालेभाज्या सुरू. पाच महिन्यांत ७८ किलोंवरून ती ६९ वर आली. गुडघे दुखायचे कमी झाले, जिना चढताना लागणारी धाप गेली. ‘अगं, वीस वर्षांत जे झालं नाही ते मी माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवलं,’ असं ती फोनवर म्हणाली तेव्हा तिच्या आवाजातला आनंद खरा होता. पुढे केस गळू लागले, म्हणून तिनं बायोटिनच्या गोळ्या आणल्या. ऑगस्टमध्ये टीएसएच एकदम खाली आला. कीटोनं थायरॉइड कायमचा बरा होतो, असं भिशीतल्या एका मैत्रिणीनं सांगितलेलं होतंच. ताईनं रिपोर्ट पाहिला, तिला ते पटलं आणि तिनं गोळी बंद केली.

दिवाळीच्या तोंडावर ती माझ्याकडे आली तेव्हा पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा, बोलणं संथ. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगावर शाल.

मी डॉक्टर नाही. बँकेतली नोकरी संपल्यावर आहाराचा इतिहास वाचण्याचा नाद लागला आणि जुने वैद्यकीय निबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला शिकले, एवढंच माझं शिक्षण. ताईवर उपचार डॉक्टरांनी केले. मला मात्र ०.१ आणि ४१ या दोन आकड्यांच्या मधली वाट शोधायची होती. ती शोधताना जे हाती लागलं ते इथं मांडते, कारण ताईच्या वयाच्या, गोळी घेणाऱ्या आणि वजनाशी झगडणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत आहेत. भारतातल्या आठ शहरांत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचं काम कमी पडतं, आणि त्यात बायकांचं प्रमाण अधिक आहे. त्या आठ शहरांत मुंबई आणि गोवा दोन्ही होते.

एकाच गावातल्या दोन गोष्टी

या आजाराचा इतिहास बायकांच्या थकव्याचा इतिहास आहे. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी ज्या रुग्णांचं वर्णन केलं त्या प्रौढ स्त्रिया होत्या: सुजलेला चेहरा, जड जीभ, मंदावलेली हालचाल. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी थायरॉइड ग्रंथीवर शरीराच्याच पेशी चालून जातात तेव्हा ती कशी दिसते ते चार रुग्णांवरून लिहिलं. त्या चौघीही स्त्रियाच होत्या. आज ‘हाशिमोतो’ हे नाव अनेकींच्या फाइलवर असतं.

उपाय सापडला १८९१ मध्ये. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली. पुढे तो अर्क ती तोंडानं घेऊ लागली आणि ७४ व्या वर्षापर्यंत जगली. मरे यांनी नंतर हिशेब मांडला: त्या २८ वर्षांत तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला होता.

यानंतरच्या दोन घटना एकाच संस्थेत घडल्या. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथे मेयो क्लिनिक. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडल यांनी तिथे थायरॉइडचा हार्मोन शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला. तोच थायरॉक्सिन, ताईच्या गोळीत आज तोच असतो, फक्त कारखान्यात तयार केलेला. सात वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याच संस्थेतल्या रसेल वाइल्डर यांनी ‘कीटोजेनिक’ आहार सुचवला. तो वजनासाठी नव्हता. उपास केल्यावर अपस्माराचे झटके कमी होतात हे तोवर लक्षात आलं होतं. पण माणूस किती दिवस उपाशी राहणार? म्हणून शरीराला उपाशी असल्यासारखं वागायला लावणारा, भरपूर स्निग्ध पदार्थांचा आहार त्यांनी आखला. १९२५ मध्ये तिथल्याच पीटरमन यांनी त्याचं प्रमाण बसवलं: दिवसाला कर्बोदकं १० ते १५ ग्रामच. आपल्या एका मध्यम भाकरीत त्याच्या दुप्पट असतात. हल्लीचं वजनासाठीचं कीटो थोडं सैल, २० ते ५० ग्रामांचं असतं.

म्हणजे ताईची गोळी आणि ताईचं ताट एकाच घरातून आलेलं. मात्र ‘उपाशी असल्यासारखं’ हे शब्द लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

शरीराची काटकसर

आधी टीएसएच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम देते तो टीएसएच. हार्मोन कमी पडला की हुकूम चढतो, जास्त झाला की उतरतो. म्हणून ०.१ म्हणजे हार्मोन जास्त आणि ४१ म्हणजे अतिशय कमी. हा उलटा हिशेब अनेकींना कुणी समजावून सांगितलेला नसतो.

गोळीत असतो तो टी-४. तो साठ्याचा हार्मोन. त्याचे चार आयोडीन अणू. त्यातला एक काढला की टी-३ होतो आणि प्रत्यक्ष काम टी-३ करतो. निरोगी माणसात टी-३ चा सुमारे पाचवा भाग ग्रंथी स्वतः तयार करते. बाकीचा यकृतासारख्या अवयवांत टी-४ पासून घडतो. ज्या बाईची ग्रंथी जवळपास निकामी आहे, तिचा सगळा भार या रूपांतरावरच असतो.

उपासात शरीर हे रूपांतर आवरतं घेतं. १९७६ च्या एका अभ्यासात स्थूल व्यक्तींना कमी उष्मांकाचे वेगवेगळे आहार दिले होते. कर्बोदकं अजिबात नसलेल्या आहारावर टी-३ उपासासारखाच घसरला. किमान ५० ग्राम कर्बोदकं दिल्यावर तशी घसरण झाली नाही. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेतून प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात ११ निरोगी माणसं होती. त्यांचाही टी-३ कीटोवर खाली आला, टीएसएच मात्र हलला नाही. तुर्कस्तानात अपस्मारासाठी कीटोवर ठेवलेल्या १२० मुलांपैकी २० जणांना थायरॉइडची गोळी सुरू करावी लागली.

यावरून कीटोनं थायरॉइड बिघडतो असं ठरवण्याची घाई करू नये. टीएसएच जागेवर असताना खाली आलेला टी-३ हा बहुधा आजार नसून काटकसर असते, महिनाअखेरीला घरात होते तशी. पण कीटोनं थायरॉइड बरा होतो, या म्हणण्याला मात्र या आकड्यांत कुठेच आधार नाही. ते उलट्याच दिशेला बोट दाखवतात. आणि त्यांत स्थूल व्यक्ती आहेत, निरोगी माणसं आहेत, मुलं आहेत. साठी ओलांडलेली, वीस वर्षं गोळी घेणारी ताई त्यांत नाही.

०.१ कुठून आला?

बायोटिन हे जीवनसत्त्व. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्राम. केसांच्या गोळ्यांत ते बहुतेकदा ५ ते १० मिलिग्राम, म्हणजे शेकडो पट असतं. शरीराला त्यानं फारसा अपाय होत नाही. अडचण प्रयोगशाळेत येते. हार्मोन मोजणाऱ्या अनेक यंत्रांची रसायनं बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणावर चालतात. रक्तात ते जादा असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. म्हणून तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात. ताईला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि केसांच्या गोळीला ‘औषध’ म्हणायचं असतं हे तिच्याही मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी दुसरी शक्यताही दाखवली. या गोळीची मात्रा वजनाशी जोडलेली असते. नऊ किलो उतरल्यावर जुनी मात्रा थोडी जास्त झालेली असू शकते. तसं असेल तर मात्रा किंचित कमी करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं; गोळी बंद करायची नसते. मुळात केस गळण्याचंही साधं कारण होतं: झपाट्यानं वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा परत येतात.

मग गोळी बंद करूनही ताईला सुरुवातीला बरं का वाटत राहिलं? टी-४ रक्तातून निम्मा व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. पहिले दोन आठवडे शरीर जुन्या शिलकीवर चालतं. ‘बघ, गोळीवाचून काही अडत नाही,’ असं ती भाओजींना म्हणाली, ते त्याच दिवसांत.

डब्यातल्या वस्तू

ताईच्या रोजच्या क्रमात आणखी काही गोष्टी सापडल्या. सकाळी गोळी आणि लगेच लोणी घातलेली कॉफी. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही घ्यायचं नाही. कॉफीनं तिचं शोषण कमी होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब हव्यात. कीटोवर बद्धकोष्ठ होतो म्हणून घेतलेलं इसबगोल आणि पोळीऐवजीचं सोयाचं पीठ, हेही गोळीच्या वेळेपासून दूरच बरं.

मिठाच्या डब्यात गुलाबी सैंधव होतं. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. पूर्ण मात्रेत गोळी घेणाऱ्या ताईला त्यानं फारसा फरक पडत नाही. पण त्याच डब्यातून तिच्या गरोदर सुनेचं जेवण होत होतं, आणि गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते.

भाताऐवजी किसलेला फ्लॉवर आणि कोबी होता. कोबीची भीती १९२८ पासूनची: अमेरिकेत कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाला होता. पण ते ससे जवळपास कोबीवरच जगत होते. शिजवलेली वाटीभर भाजी खाणाऱ्या बाईनं ती भीती बाळगायचं कारण नाही.

साठीनंतरचं गणित

वय वाढलं की टीएसएचची वरची मर्यादा नैसर्गिकपणे थोडी चढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत टीएसएच थोडासाच वाढलेल्या, ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना गोळी किंवा खोटी गोळी दिली. थकव्यात काही फरक पडला नाही. म्हणजे साठीनंतरचा प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो. उलट मात्रा जास्त झाली तर नुकसान मोठं: १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात टीएसएच फार खाली असलेल्या साठीपुढच्या लोकांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका दहा वर्षांत तिप्पट आढळला. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत असतात, त्यांवरही जादा हार्मोनचा घाव बसतो. वजन झपाट्यानं उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू सहज परतत नाही. कोलेस्टेरॉल वाढलं तर ते तुपामुळे की कमी पडलेल्या हार्मोनमुळे, हेही टीएसएच पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि एक ठळक सूचना: मधुमेहाच्या ज्या औषधांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कीटो करू नये. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता होऊ शकते.

ताईला मी कीटो सोड म्हटलं नाही. उतरलेल्या नऊ किलोंनी तिचे गुडघे हलके केले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डॉक्टरांशी बोलून तिनं दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ पुन्हा सुरू केली. गोळी आधी कमी मात्रेत, मग चढवत नेली. वजन ७१ वर थांबलं आहे. मुख्याध्यापिकाच ती, फ्रिजच्या दारावर तिनं हजेरीपटासारखा कागद लावला आहे. त्यावर तारीख, वजन, गोळीची वेळ, ताटात काय बदललं आणि शेवटच्या रकान्यात ‘इतर’. केसांची गोळी, कॅल्शियम, इसबगोल सगळं तिथे. तपासणीला जाताना ती तो कागद सोबत नेते.

परवा तिला मी मरे यांच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. ‘अठ्ठावीस वर्षं मेंढीचा अर्क?’ ताई म्हणाली. ‘मध्ये कधी तिला वाटलं नसेल, आता बरी झाले, पुरे म्हणून?’

वाटलं असेलही. पण ती बरी होती ती अर्क घेत होती म्हणून.